एक डोळा, दोन पिशव्या: पाण्यातला सायक्लॉप्स कसा ओळखतात?

तळ्याचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडाकडे धरलं, तर बारीक पांढरे ठिपके हलताना दिसू शकतात. नुसत्या डोळ्यांना ते सगळे सारखेच वाटतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र प्रत्येकाची ठेवण वेगळी दिसते.

कोण कोण असतं या पाण्यात?

- रोटिफर: सगळ्यांत लहान. तोंडाभोवती केसांसारख्या तंतूंचा झुपका असतो. तंतू हलले की चाक फिरल्याचा भास होतो.
- डाफ्निया (पाणपिसू): पारदर्शक कवच, उड्या मारल्यासारखं पोहणं. अंडी पाठीकडच्या पोकळीत असतात.
- ऑस्ट्राकॉड: शिंपल्यासारख्या दोन झडपांत बंद शरीर.
- सायक्लॉप्स: साधारण एक-दोन मिलिमीटरचं, पुढे रुंद आणि मागे निमुळतं शरीर. शेपटीला दोन फाटे असतात.

यातले शेवटचे तिघे कोळंबी-खेकड्यांच्या म्हणजे कवचधारी गटातले, तर रोटिफर अगदी वेगळ्या गटातला.

डोळ्यावरून ओळखता येत नाही का?

ग्रीक पुराणकथांतल्या एकडोळ्या राक्षसावरून सायक्लॉप्सला हे नाव मिळालं. पण इथेच फसगत होते, कारण डाफ्नियालाही डोक्यात एकच मोठा डोळा दिसतो. म्हणून एकाच खुणेवर भिस्त ठेवत नाहीत. सायक्लॉप्सच्या मादीच्या शेपटीजवळ दोन्ही बाजूंना अंड्यांची एकेक पिशवी लटकते. त्याच्यासारखाच दिसणारा डायाप्टोमस एकच पिशवी बाळगतो आणि त्याच्या मिशा जवळपास शरीराइतक्या लांब असतात. सायक्लॉप्सच्या मिशा आखूड असतात.

एवढी बारकाई कशासाठी?

कारण नारू. या कृमीच्या अळ्या सायक्लॉप्सच्या पोटात वाढतात. असं पाणी प्यायल्यावर साधारण वर्षभराने जवळपास मीटरभर लांबीचा कृमी, बहुतेक वेळा पायातून, कातडी फोडून बाहेर येतो. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या गावांनी हा त्रास सोसला. नारूवर ना लस आहे, ना त्याला मारणारं औषध.

पण वाहक कोण आणि केवढा, हे कळल्यावर उपाय सोपा झाला. सायक्लॉप्स दुपदरी कापडात अडकतो, म्हणून पाणी गाळून प्यायचं. पाण्यात पाय बुडवून रुग्ण पुन्हा अळ्या सोडू नये म्हणून पायऱ्यांच्या विहिरी बंद करायच्या किंवा त्यांना कठडे घालायचे, आणि हातपंप बसवायचे. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात आढळला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला.

सायक्लॉप्स आजही आपल्या तळ्यांत आहे. नारूच्या अळ्या नसतील, तर तो माशांच्या पिल्लांचा साधा खाऊ आहे.