ब्लो-ऑफ झडप

ब्लो-ऑफ झडप : टर्बोचार्जर बसविलेल्या पेट्रोल एंजिनात थ्रॉटल झडप एकाएकी मिटली असता संपीडक व थ्रॉटल यांमधील नळीत कोंडलेली दाबयुक्त हवा बाहेर काढून देणारी झडप. ही हवा वातावरणात सोडणाऱ्या झडपेस खुली झडप व ती संपीडकाच्या प्रवेशमार्गात परत नेणाऱ्या झडपेस पुनरभिसरण झडप म्हणतात. टरबाइनाला वळसा घालून निष्कास वायू नेणारी व त्यायोगे कमाल दाब मर्यादित ठेवणारी वेस्टगेट झडप ही याहून वेगळी होय.

गरज : निष्कास वायूंच्या ऊर्जेवर संपीडक चालविण्याच्या कल्पनेचे एकस्व (पेटंट) स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या मोटारगाड्यांत टर्बोचार्जर विक्रीसाठी प्रथम आला. मोटारगाडीच्या टर्बोचार्जरचा दंड पूर्ण भारावर मिनिटाला १ लक्षाहून अधिक फेरे करतो. गिअर बदलताना चालक प्रवेगकावरील पाय उचलतो तेव्हा थ्रॉटल क्षणार्धात मिटते, परंतु संपीडकाचे चाक जडत्वामुळे हवा लोटीतच राहते. नळीतील दाब वाढतो, प्रवाह मात्र जवळजवळ थांबतो. त्यामुळे पात्यांवरील प्रवाह विलग होऊन हवा चाकातून मागे उसळते. ही क्रिया वेगाने पुनःपुन्हा घडते व फडफडल्यासारखा आवाज येतो. या उसळीमुळे चाकाचा वेग घटतो आणि दंडाच्या रेटा-धारव्यावर उलटसुलट भार येतो. डीझेल एंजिनाची शक्ती इंधनाच्या मात्रेने नियंत्रित होत असल्याने तेथे या झडपेची सामान्यतः गरज नसते.

रचना व कार्य : झडपेत स्प्रिंगने दाबून धरलेला दट्ट्या किंवा पटल असते. त्याच्या वरील कोठी बारीक नळीने थ्रॉटलपलीकडील आदान नलिकासमूहाशी जोडलेली असते. थ्रॉटल उघडे असताना दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखाच दाब असतो व स्प्रिंग झडप मिटलेली ठेवते. थ्रॉटल मिटताच नलिकासमूहात अंशतः निर्वात निर्माण होतो. वरून ओढ व खालून दाब मिळून झडप उघडते. अलीकडील अनेक एंजिनांत ही झडप संपीडकाच्या कवचावरच बसवून विद्युत चुंबकाने उघडतात.

खुली की पुनरभिसरण : दोन्ही प्रकारांत संपीडकावरील प्रतिदाब उतरतो, म्हणून टर्बोचार्जरच्या संरक्षणाच्या दृष्टीने त्यांत फारसा फरक नाही. खरा फरक हवेच्या मापनात आहे. अनेक एंजिनांत गाळणीनंतर व संपीडकाच्या आधी तप्त-तार प्रवाहमापक असतो आणि त्याने मोजलेल्या हवेच्या प्रमाणात नियंत्रक इंधन सोडतो. पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४·७ भाग हवेस १ भाग इंधन लागते. समजा, मापकाने १०० ग्रॅ. हवा मोजली, तिच्यासाठी सु. ६·८ ग्रॅ. इंधन सोडले जाईल. त्यांपैकी ३० ग्रॅ. हवा खुल्या झडपेतून निघून गेली, तर सिलिंडरांत ७० ग्रॅ. हवाच पोहोचते व प्रमाण सु. १०·३ : १ इतके इंधनसमृद्ध होते. परिणामी काळा धूर, निष्कास नळीत फटाक्यासारखे आवाज, ठिणगी प्लगांवर काजळी व थांबताना एंजिन बंद पडणे असे दोष दिसतात; न जळलेले इंधन उत्प्रेरकी परिवर्तकात जळून तो अतितप्त होतो. थ्रॉटल मिटताच इंधन तोडणाऱ्या यंत्रणेत हे परिणाम सौम्य असतात. परत वळविलेली हवा मात्र एकदाच मोजलेली असून ती मापकाच्या पुढे प्रवेश करते. त्यामुळे हिशेब बिघडत नाही. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स या गाडीच्या १,९९४ घ.सेंमी. एंजिनात गाळणीजवळ प्रवाहमापक व आंतरशीतकावर पुनरभिसरण झडप अशीच मूळ योजना होती.

याउलट, जेथे नलिकासमूहातील दाब व तापमान यांवरून हवेची मात्रा काढली जाते, किंवा प्रवाहमापकच झडपेनंतर बसविलेला असतो, तेथे बाहेर गेलेली हवा हिशेबात येतच नाही आणि खुली झडप मिश्रण बिघडवीत नाही.

स्प्रिंगचा ताणही महत्त्वाचा असतो. खुल्या झडपेची स्प्रिंग सैल असल्यास मंदगतीत निर्वातामुळे झडप उघडी राहून न मोजलेली व न गाळलेली हवा आत शिरते. ती फार ताठ असल्यास झडप वेळेवर उघडत नाही व उसळी कायम राहते. शिवाय क्रँक-पेटीतील तेलमिश्रित वाफा बहुधा संपीडकापूर्वीच हवेत मिसळल्या जातात. पुनरभिसरणात त्या बंदिस्त मार्गातच राहतात, तर खुल्या झडपेतून वातावरणात जातात. उत्सर्जनाचे व आवाजाचे निर्बंध पाळावे लागत असल्याने गाड्यांचे निर्माते सामान्यतः पुनरभिसरण झडपच वापरतात.

खुल्या झडपेचा सुस्कारा हे वाढीव शक्तीचे लक्षण आहे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. झडप उघडते ती थ्रॉटल मिटल्यावर, म्हणजे एंजिनाकडून शक्ती घेतली जात नसताना. म्हणून मूळ झडप बदलण्यापूर्वी प्रवाहमापकाचे स्थान पाहणे आवश्यक ठरते.