मालमोटारीचा भार आणि रेल्वे फाटक

ग्वाल्हेरच्या टोपी बाजारातील जुन्या रहिवाशांना श्योपूरची छोटी गाडी आठवत असेल. दोन फुटी रुळांवरील ही गाडी सुमारे २०० किलोमीटरांस दहा तासांहून अधिक वेळ घेई. २०२० साली ती बंद झाली. अशा गाडीपुढून मालमोटार काढण्याचा मोह एक वेळ समजू शकतो; पण आता त्या मार्गावर रुंद रूळ आले आहेत. वेगवान गाडीस ब्रेक लावल्यावरही थांबण्यास सुमारे एक किलोमीटर लागू शकतो.

फाटकातील अपघाताचे बीज कित्येकदा माल भरतानाच पेरले जाते. जड नग मागील आसाच्या पलीकडे रचल्यास पुढची चाके हलकी होतात आणि फाटकाच्या चढावर स्टिअरिंग नीट मानत नाही. याकरिता जड माल तळाशी, मागील आसाच्या पुढे व दोन्ही अंगांस सारखा भरून दोरांनी आवळावा.

फाटकापलीकडे संपूर्ण मोटार मावेल एवढी जागा दिसल्याविना रुळांवर चाक घालू नये. रुळांवर गिअरही बदलू नये. जेथे रखवालदार नाही तेथे क्लीनरने, तो नसल्यास चालकाने स्वतः उतरून दोन्ही दिशा पाहाव्यात, असे मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १३१ सांगते. मोटार अडकलीच, तर मालाचा विचार सोडून प्रथम माणसे उतरवावीत व फाटकवाल्यास तत्काळ कळवावे.