चुकीचे उत्तर काय सांगते?

२००३ साली सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी एनपीटेल हा व्हिडिओ व्याख्यानांचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा मला सिव्हिल इंजिनीअरिंगला शिकवायला लागून थोडीच वर्षे झाली होती. तासाभराचे व्याख्यान, मागे फळा, समोर कॅमेरा. ती व्याख्याने पाहून मी स्वतःचे तास तयार करायचे. ते ऋण मोठे आहे. पण पाहणाऱ्याला किती कळले, हे विचारायची सोय त्यात नव्हती.

२०१४मध्ये भारत वॉशिंग्टन अकॉर्ड या अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि ‘कोर्स आउटकम’ हा शब्द स्टाफरूममध्ये आला. तक्ते भरण्यात फार वेळ गेला. तरी आपण काय शिकवले यापेक्षा मुलाला काय करता येते, हा प्रश्न त्यामुळेच टेबलावर आला, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मला खरी दिशा मिळाली ती आयआयटी मुंबईच्या सहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांच्या कामातून. त्यांच्या रचनेत छोटा व्हिडिओ मध्येच थांबतो: आधी स्वतः उत्तर लिहा, मग पुढे चला. त्या जागेला ते ‘रिफ्लेक्शन स्पॉट’ म्हणतात. थांबणे हाच शिकवण्याचा भाग, हे तोवर मला सुचले नव्हते.

मग २०२० आले आणि करोनामुळे वर्ग ऑनलाइन गेले. घाईघाईत बहुपर्यायी परीक्षा झाल्या, गुण भरभरून पडले. नंतर तोंडी परीक्षेत तीच मुले साधी बलाकृती काढताना अडली. तेव्हापासून मी प्रश्नांवरच मेहनत घेऊ लागले.

एक उदाहरण. चार मीटरचा सिम्पली सपोर्टेड बीम, मध्यावर १० किलोन्यूटन भार. कमाल बेंडिंग मोमेंट किती? उत्तर १० किलोन्यूटन-मीटर. पूर्वी बाकीचे पर्याय मी मनाला येतील ते टाकायचे. आता ५ ठेवते, कारण तो भार बीमभर पसरलेला धरला की येतो. ४० ठेवते, कारण कॅन्टिलिव्हरचे सूत्र लावले की तो येतो. पाठोपाठ विचारते, भार एका आधारापासून एक मीटरवर नेला तर मोमेंट वाढेल की घटेल? आधी अंदाज लिहायचा, मग वहीत आकृती काढून फोटो चढवायचा. उत्तर साडेसात येते. फोटो तपासायला रात्री जातात, पण मूल नेमके कुठे अडले ते दिसते.

‘५’ निवडणाऱ्यांसाठी मी तीन मिनिटांचा वेगळा व्हिडिओ केला आहे. दोन डस्टरवर प्लॅस्टिकची पट्टी, मधोमध वाळूची पुरचुंडी. मग तीच पुरचुंडी सोडून वाळू पट्टीभर पसरते. पट्टी थोडी वर येते, आणि तिथे व्हिडिओ थांबतो.