हान नदीकाठचं मापो

आज आपण दक्षिण कोरियात जाऊ. तिथली राजधानी सोल. शहराच्या मधून हान नदी वाहते. तिच्या उत्तर काठावर, शहराच्या पश्चिम बाजूला मापो नावाचा भाग आहे.

पूर्वी समुद्राकडून मीठ आणि खारवलेली मासळी घेऊन होड्या मापोच्या धक्क्याला लागत. मिठाचे व्यापारी राहत, त्या वस्तीचं नाव आजही योम्नी, म्हणजे 'मीठवाडी' आहे.

आता कारभार बघू. सोलचे २५ भाग आहेत. अशा भागाला तिथं 'गु' म्हणतात. प्रत्येक 'गु'ची स्वतःची परिषद असते. प्रमुखही असतो, आणि १९९५ पासून त्याला लोकच थेट मत देऊन निवडतात. गुच्या खाली 'दोंग', म्हणजे वस्ती. मापोत असे १६ दोंग आहेत. दाखला हवा, मदतीचा अर्ज करायचा, तर बाई आपल्या दोंगच्या कार्यालयात जाते. दोंगच्या खाली 'थोंग', आणि त्याखाली थोड्या घरांचा 'बान'.

पण नुसती रचना असून भागत नाही. मापोच्या काठाला नांजीदो नावाचं बेट होतं. तिथं भुईमूग पिकायचा. १९७८ ते १९९३ अशी पंधरा वर्षं साऱ्या सोलचा कचरा तिथं पडला. जवळजवळ १०० मीटर उंचीचे दोन डोंगर झाले. कचरा वेचून पोट भरणारी कुटुंबं तिथंच राहत. पुढं डोंगरावर माती टाकली, घाण पाणी नदीत जाऊ नये म्हणून अडवलं, आतला गॅस नळांनी काढून इमारती गरम ठेवायला वापरला. २००२ साली तिथं मोठी बाग खुली झाली.

मापोतच सोंगमीसान नावाची टेकडी आहे. तिथल्या आईबापांनी १९९४ मध्ये पैसे जमवून मुलांसाठी सहकारी पाळणाघर काढलं. पुढं २००१ मध्ये टेकडीवर पाण्याची मोठी टाकी बांधायचं ठरलं आणि नंतर झाडं तोडायला सुरुवात झाली. पाळणाघरामुळं एकत्र आलेली हीच माणसं टेकडी वाचवायला उभी राहिली, आणि २००३ मध्ये तो बेत थांबला. पाळणाघरासाठी बांधलेली एकी टेकडीसाठी कामाला आली.

आणि एक गंमत सांगतो. २००५ पासून मापोचा स्वतःचा सामुदायिक रेडिओही आहे, अगदी आपल्यासारखाच!

मैत्रिणींनो, आपला बचतगट महिन्याला हिशेबाला बसतोच. या महिन्यात एक प्रश्न जास्तीचा घेऊ या : आपल्या गावाचा कचरा कुठं पडतो, आणि ती जागा कुणी ठरवली? उत्तर मिळालं नाही, तर सगळ्याजणी मिळून ग्रामसभेत विचारू.