कुंपणाला पडलेलं भगदाड

गोल्फ हा आपल्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवर, तोही चॅनेल बदलताना पाहिलेला खेळ. तरी आज एका गोल्फच्या मैदानाबद्दल सांगणार आहे. कारण गोष्ट खेळाची कमी आणि जमिनीची जास्त आहे.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात, मेरी क्रीक नावाच्या ओढ्याकाठी नॉर्थकोटचं मैदान आहे. नऊ होलचं, छोटेखानी. मालकी डॅरेबिन नगरपालिकेची. गोल्फच्या मैदानांचे दोन ठळक प्रकार सांगता येतील. समुद्रकाठच्या वाळूच्या उंचवट्यांवरची, त्यांना लिंक्स म्हणतात, आणि आतल्या भागातली, झाडांची, मऊ हिरवळीची. ही दुसरी म्हणजे पार्कलँड. नावातच बाग आली.

२०२० साली करोनाची टाळेबंदी लागली. ऑगस्टमध्ये ती एवढी कडक झाली, की मेलबर्नकरांना व्यायामासाठी दिवसाला एकच तास मिळे आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जाता येत नसे. गोल्फ बंद. आत हिरवळ रिकामी, बाहेर घरात कोंडलेली माणसं. मग कुंपणाला भगदाड पडलं आणि त्यातून लोक आत जाऊ लागले. वर्षानुवर्षं शेजारी राहूनही कित्येकांनी ही जमीन आतून प्रथमच पाहिली.

टाळेबंदी उठली, खेळाडू परतले आणि वाद सुरू झाला. जमीन नगरपालिकेची, म्हणजे आमचीच; मग ती कायमची बाग का होऊ नये, असं शेजारी विचारू लागले. गोल्फवाल्यांची बाजूही पोकळ नव्हती. खाजगी क्लबची वर्गणी न परवडणारा निवृत्त माणूस किंवा नुकता शिकणारा मुलगा अशाच मैदानावर खेळतो. ते बंद झालं, तर गोल्फ फक्त श्रीमंतांचा उरेल. नगरपालिकेनं लोकांची मतं मागवली. खेळ ठेवून काही जागा फिरायला मोकळी करावी, असा मधला मार्गही चर्चेत आला.

अशी मैदानं ठिकठिकाणी अडचणीत येतात. हिरवळ रोज कापायची, पाणी घालायचं, माळी ठेवायचे. खेळणारे घटले, की तोटा नगरपालिकेच्या माथी. इंग्लंडमधल्या डर्बी शहराच्या पालिकेनं ॲलस्ट्री पार्कमधलं आपलं मैदान २०२० मध्ये बंद केलं आणि ती जमीन निसर्गाच्या हवाली करायची योजना पुढे आली.

पण एक जुनी वाटही आहे. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज म्हणजे गोल्फची पंढरी. तिथली जमीन सार्वजनिक, जवळजवळ गावच्या गायरानासारखी. १५५२ च्या सनदेत आर्चबिशपना तिथे ससे पाळायची मुभा होती. गावकऱ्यांचा गोल्फ आणि फुटबॉल खेळायचा हक्क मात्र राखलेला होता. आजही तिथल्या 'ओल्ड कोर्स'वर, मोठ्या स्पर्धांचे अपवाद वगळता, रविवारी गोल्फ बंद असतो. त्या दिवशी गावकरी हिरवळीवर फिरतात, कुत्री धावतात, मुलं लोळतात. सोमवारी पुन्हा चेंडू.

जगातल्या सर्वांत नावाजलेल्या मैदानाला आठवड्यातला एक दिवस गावाला देणं जमतं, तर ओढ्याकाठच्या नऊ होलांना का जमू नये? जमिनीची वाटणी दोरी धरूनच करावी लागते असं नाही. ती वारांचीही होऊ शकते. सार्वजनिक जमिनीला कुंपण असायला हरकत नाही. फक्त त्याला फाटक हवं, आणि ते ठरल्या दिवशी उघडायला हवं. फाटक उघडत नाही, तेव्हाच भगदाड पडतं.