लॅपटॉपला चार्जर ओळखू येत नाही तेव्हा

चार्जर बिघडला असे समजून तो टाकून दिला जातो तेव्हा अनेकदा त्यातून मिळणारी वीज पूर्णपणे व्यवस्थित असते. बिघडलेली असते ती त्याची ओळख पटवून देणारी यंत्रणा. डेल कंपनीच्या लॅपटॉपमध्ये हा प्रकार विशेष स्पष्टपणे दिसतो. संगणक सुरू होताना अडॅप्टरचा प्रकार ठरवता येत नाही अशा अर्थाची इंग्रजी सूचना पडद्यावर उमटते. त्यानंतर संगणक चालू होतो खरा, परंतु बॅटरी चार्ज होत नाही आणि एरवी झटपट चालणारे यंत्र साधी फाइल उघडण्यासही विलक्षण वेळ लावते. वीज मिळत असूनही असे का घडते, हे समजल्याशिवाय दुरुस्तीची दिशा सापडत नाही.

ज्याला बोलीभाषेत चार्जर म्हटले जाते ते उपकरण, म्हणजेच अडॅप्टर, घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे साधारण १९.५ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करते. डेलच्या ६५, ९० आणि १३० वॉटच्या प्रचलित अडॅप्टरांमध्ये व्होल्टेज एकच असते. फरक असतो तो किती प्रवाह पुरवता येईल यात. ६५ वॉटचा अडॅप्टर ३.३४ अँपिअर, तर ९० वॉटचा ४.६२ अँपिअर प्रवाह देऊ शकतो. प्रवाह किती ओढायचा हे लॅपटॉप आपल्या गरजेनुसार ठरवतो, आणि प्रोसेसर पूर्ण वेगाने चालत असतानाच बॅटरीही चार्ज होऊ लागली की ही गरज अचानक वाढते. लहान अडॅप्टरवर हा भार पडला तर तो तापतो, व्होल्टेज खाली येते किंवा त्यातील संरक्षक परिपथ वीजच बंद करतो. म्हणून समोरचा अडॅप्टर किती वॉटचा आहे हे लॅपटॉपला आधी कळणे आवश्यक असते, आणि या गरजेत तांत्रिकदृष्ट्या गैर काहीच नाही.

ही माहिती पोहोचवण्याचे काम डेलच्या गोल पिनेच्या मधोमध असलेली बारीक सुई करते. पिनेचे बाहेरचे धातूचे कडे ऋण, आतील पृष्ठभाग धन, आणि मधली सुई केवळ संदेशासाठी, अशी ही तीन वाटांची रचना आहे. अडॅप्टरच्या बाजूला एक अतिशय छोटी स्मृतिचिप बसवलेली असते आणि ती ‘वन-वायर’ नावाच्या पद्धतीने, म्हणजे एकाच तारेवरून, लॅपटॉपशी संवाद साधते. या चिपमधील मजकुरात कंपनीचे नाव, अडॅप्टर किती वॉटचा, व्होल्टेज किती आणि प्रवाह किती हे तपशील सांकेतिक अंकांत लिहिलेले असतात. लॅपटॉपने ते वाचले, पडताळले आणि पटले, तरच अडॅप्टर ओळखला जातो. लेनोव्होच्या आयताकृती पिनेच्या अडॅप्टरमध्ये हेच काम चिपऐवजी एका साध्या विद्युतरोधाकडून करवून घेतलेले आहे.

माहिती मिळाली नाही तर लॅपटॉप सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरतो: अडॅप्टर अगदी लहान असावा असे मानून तो बॅटरीचे चार्जिंग थांबवतो आणि प्रोसेसरचा वेग उतरवून कित्येकदा १ गिगाहर्ट्झच्याही खाली आणून ठेवतो. त्यामुळे यंत्र अकारण संथ झाले म्हणून व्हायरस शोधत बसणाऱ्याने किंवा विंडोज नव्याने टाकणाऱ्याने आधी टास्क मॅनेजरमधील प्रोसेसरचा वेग आणि अडॅप्टरची नोंद पाहावी. संगणक सुरू होताना एफ-२ ही कळ दाबून बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूलभूत मांडणीच्या पडद्यावर, गेले की अडॅप्टर किती वॉटचा आहे हे तेथे दिसते. अनोळखी असल्यास तसे लिहिलेले असते. विंडोजशी या नोंदीचा काही संबंध नसल्याने तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

यापुढचा प्रश्न दोष कोणत्या बाजूला आहे हा आहे, आणि त्याचे सर्वांत खात्रीचे उत्तर अदलाबदलीतून मिळते. त्याच कंपनीचा, तितक्याच किंवा अधिक वॉटचा, चांगला असल्याची खात्री असलेला अडॅप्टर लावून पाहावा. तो ओळखला गेला तर दोष जुन्या अडॅप्टरमध्ये आहे. तोही ओळखला गेला नाही तर संशय लॅपटॉपमधील जॅकवर किंवा मदरबोर्डवर जातो. तत्पूर्वी अडॅप्टर काढून, बॅटरी सुटी होणारी असल्यास तीही काढून, पॉवरचे बटण १५ ते २० सेकंद दाबून धरावे, कारण परिपथात उरलेला विद्युतभार निघून गेल्यावर ओळख पुन्हा पटल्याची उदाहरणे आहेत. मधली सुई वाकली आहे का, हे भिंगाखाली पाहणेही अगत्याचे आहे.

मल्टिमीटरच्या वाचनाने येथे हमखास फसगत होते. धन आणि ऋण यांच्यामध्ये १९.५ व्होल्ट दिसले की चार्जर निर्दोष, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु या मोजणीतून संदेशाच्या तारेविषयी काहीच कळत नाही. वीज वाहणाऱ्या तारांच्या तुलनेत ही तार फारच बारीक असते, आणि पिनेच्या मुळाशी, जेथे वायर रोज वाकते, तेथेच ती बहुधा तुटते. वायर विशिष्ट कोनात धरल्यावर ओळख पटत असेल तर निदान जवळजवळ निश्चित समजावे. अशा वेळी पिनेसह वायर बदलून घेतली तर आतला अडॅप्टर वाया जात नाही. लॅपटॉपचा जॅकही अनेक मॉडेलांत मदरबोर्डला सोल्डर केलेला नसून छोट्या वायरीने जोडलेला असतो, त्यामुळे तो बदलणे स्वस्त पडते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली अशा बाजारांत असे सुटे भाग शोधता येतात.

सुईवाटे १९.५ व्होल्टची वीज चुकून शिरली, तर अडॅप्टरमधील चिप किंवा मदरबोर्डवरील तिचा वाचक परिपथ जळू शकतो, म्हणून सैल पिनेशी खेळत राहणे धोक्याचे ठरते. बायोसमध्ये अडॅप्टरविषयीची सूचना बंद करण्याची सोय काही मॉडेलांत आहे, पण तिने फक्त सूचना नाहीशी होते. चार्जिंग सुरू होत नाही. प्रोसेसरचा वेग जबरदस्तीने वाढवणारी सॉफ्टवेअरेही आहेत, मात्र अडॅप्टर खरोखरच कमी क्षमतेचा असेल तर ती मूळ संरक्षणच काढून टाकतात. नवा चार्जर घ्यायचा झाल्यास त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे.

यूएसबी टाइप-सी चार्जरांनी ही ओळखीची भाषा सर्व कंपन्यांसाठी समान आणि खुली केली, हे ग्राहकाच्या दृष्टीने मोठे पाऊल आहे. त्यात आरंभी ५ व्होल्टच मिळतात आणि लॅपटॉप व चार्जर यांच्यात बोलणी होऊन मगच व्होल्टेज २० पर्यंत चढते. २०२१ च्या सुधारित मानकाने ही मर्यादा ४८ व्होल्ट आणि २४० वॉटपर्यंत नेली. मात्र या पद्धतीत केबललाही स्वतःची ओळख असते: ३ अँपिअरहून अधिक प्रवाहासाठी तिच्यात वेगळी चिप लागते, आणि ती नसल्यास १०० वॉटचा चार्जरही ६० वॉटच देतो. त्यामुळे टाइप-सीचा चार्जर ओळखला जात नसेल किंवा चार्जिंग मंद असेल, तर चार्जर आणि लॅपटॉप यांच्याआधी केबल बदलून पाहावी.