मिसफायर (पेट्रोल इंजिन)

मिसफायर म्हणजे इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन व हवेचे मिश्रण न पेटणे किंवा अर्धवट जळणे. गॅरेजच्या बोलीत यास ‘मिसिंग’ म्हणतात. इंजिन थरथरणे, पिकअप कमी होणे व पेट्रोलचा खप वाढणे ही त्याची लक्षणे होत. जुनी मोटार विकत घेताना या दोषाचे मूळ शोधणे महत्त्वाचे ठरते. कारण हीच लक्षणे खराब स्पार्क प्लगमुळे दिसतात, तशीच झिजलेल्या इंजिनामुळेही दिसतात.

निदान

संगणकीय नियंत्रण असलेल्या मोटारीत दोषसंकेतावरून सिलिंडर ओळखता येतो; उदा. पी ०३०१ हा संकेत पहिल्या सिलिंडरमधील मिसफायर दर्शवतो. त्या सिलिंडरचा प्लग किंवा इग्निशन कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवल्यास व दोषही तिकडे सरकल्यास तो भाग निकामी समजतात.

प्लगचे टोक फिकट तपकिरी असणे सामान्य आहे. कोरडी काळी काजळी पेट्रोलचे प्रमाण जास्त असल्याचे, तर तेलकट थर सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल शिरत असल्याचे सुचवतो.

प्रज्वलन व इंधनपुरवठा निर्दोष आढळल्यास कॉम्प्रेशन चाचणी करतात. एका सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी भरल्यास त्यात थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढल्यास पिस्टन रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजलेली असते. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमधून गळती संभवते. अशा दुरुस्तीसाठी इंजिन उघडावे लागते.

परिणाम

दुर्लक्ष केल्यास न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो अतितप्त होतो व निकामी होऊ शकतो.